हुडेकच्या छपरावरची आर्लीन

आर्लीन कुचेराला गावात कुणी नुसतं आर्लीन म्हणत नसे. शाळेत होती तोवर ती 'कुचेरांची उंच पोरगी' होती आणि हुडेकच्या ड्राइव्ह-इनवर कामाला लागली तशी 'ट्रेवाली' झाली. नेब्रास्कातल्या वेस्टन क्रीकमध्ये तेव्हा, म्हणजे एकसष्ट साली, माणसं असतील दोन हजारांच्या आतबाहेर. तीन चर्च, धान्याची दोन उंच कोठारं, औषधांचं एक दुकान आणि पंचवीस मैलांच्या पलीकडे ऐकू न जाणारं एक रेडिओ स्टेशन. त्या स्टेशनला परवाना दिवसाउजेडीचाच होता. सूर्य मावळला की बंद, असा सरकारी कायदा.

हुडेककडे गाडीतून खाली उतरायचं नसे. पत्र्याच्या लांबलचक छपराखाली नाक खुपसून गाडी उभी करायची, दिवे एकदा उघडझाप करायचे, की आर्लीन यायची. डुकराच्या मांसाचं सँडविच, तळलेले बटाटे, जिच्यात बिअर नावालाच अशी गार रूट बिअर, असं सगळं ट्रेमध्ये घालून ती तो ट्रे अर्ध्या खाली केलेल्या काचेला अडकवायची. शनिवारी तर गर्दीला ऊत येई, कारण शनिवारी पाच ते आठ रेडिओ स्टेशनच हुडेककडे मुक्कामाला असे. छपरावर काचेची एक खोली बांधलेली होती, कोंबड्यांच्या खुराड्याहून जेमतेम मोठी. तिथे बसून ड्वेन सेडलाक गाणी लावायचा. खाली चाळीस गाड्यांमध्ये चाळीस रेडिओ, सगळे एकाच ठिकाणी लावलेले. ट्रे घेऊन आर्लीन या टोकाहून त्या टोकाला गेली तरी गाण्यातला एक शब्द सुटत नसे. लोक चिठ्ठीवर लिहून द्यायचे, अमक्याकडून तमकीला हे गाणं. लोखंडी शिडी चढून ती चिठ्ठी वर न्यायचं काम आर्लीनचं. गावात कुणाचं जमलंय आणि कुणाचं फाटलंय, हे पाद्र्याच्या आधी तिला कळे.

एकदा तिने ड्वेनला विचारलं होतं, मी बोलू का एखाद वेळी. तो म्हणाला, "रेडिओवर बाईचा आवाज लागतो तो पाककृती सांगायला. आणि तुला तर अंडं उकडता येत नाही."

"आणि तुला काय बोलता येतं म्हणून ठेवलंय होय?" ती म्हणाली. "मामाचं स्टेशन आहे म्हणून बसलायस."

हे खरंच होतं. स्टेशनचे मालक क्लीटस हाग हे ड्वेनचे सख्खे मामा. ड्वेन चोवीस वर्षांचा, आवाज लोण्यासारखा, आणि त्या आवाजापलीकडे त्याच्यापाशी काही नाही, असं आर्लीनचं तेव्हाचं मत होतं.

जुलैच्या आठ तारखेचा शनिवार. साडेसहाच्या सुमारास औषधवाले ओटो व्राना रस्त्यावरून चालत आले. चालत म्हणजे जवळजवळ पळतच. पासष्टीचा माणूस, टोपीशिवाय कधी कुणाला दिसला नव्हता, तो उघड्या डोक्याने, दुकानातला पांढरा एप्रन तसाच अंगावर. गाडीतल्या कुणीतरी गमतीने विचारलं, काय मिस्टर व्राना, बायकोने बाहेर काढलं का? त्यांनी ऐकलंच नाही. शिडीच्या तळाशी ते आर्लीनला भेटले आणि शिडीचा गज धरून उभे राहिले.

त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. सहाला दुकान बंद करायच्या आधी ते बाटल्या पुसून जागच्या जागी लावत होते. खोकल्याच्या औषधाला चव यावी म्हणून त्यात पेपरमिंटचा अर्क घालतात, त्याची नवी बाटली त्यांच्या हाताला लागली. तिचं सील तोडलेलंच नव्हतं. मग दुपारी एका पोरीसाठी खोकल्याचं औषध केलं, त्यात घातलं काय? शेजारची बाटली उचलून पाहिली, तर ती बरीच उतरलेली. तिच्यातलं तेल सांधे दुखतात तेव्हा बाहेरून चोळायचं. वास तसाच गोडसर, चुइंगगमसारखा. पोटात गेलं तर एवढ्याशा लेकराचा जीव जायला दोन चमचेही पुरे.

"कुणाची पोर?" आर्लीनने विचारलं.

नाव टीग. पण चिठ्ठी पन्नास मैलांवरच्या कुठल्या डॉक्टरची होती, आणि पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, कापणीवाले. टेक्सासातून गव्हाच्या मागे मागे वर डाकोटापर्यंत जाणारी ती माणसं. आज इथे, उद्या शंभर मैल पुढे. ना घर, ना फोन. व्रानांनी शेरीफला फोन केला होता, एक पोलीस गाडी निघालीही होती, पण एक गाडी कुठे कुठे पुरणार? औषध रात्री झोपताना एक चमचा द्यायचं होतं.

आर्लीनने हातातला ट्रे खाली ठेवला. ती माणसं तिला चांगली आठवत होती. पाऊण तासापूर्वी तीन नंबरच्या जागेवर हिरवा ट्रक लागला होता. उन्हाने करपलेली एक किडकिडीत बाई, नवरा, आणि बाईच्या मांडीवर चारेक वर्षांची पोर खोकत होती. पुढे काचेपाशी व्रानांच्या दुकानातली कागदी पिशवी. निघताना त्या बाईने आर्लीनकडे एक चमचा मागितला होता. आमचे चमचे मागच्या सामानात कुठे दडपलेत कोण जाणे, आणि रात्री पोरीला औषध द्यायचंय, असं म्हणाली होती. आर्लीनने आतून चमचा आणून दिला होता, वर पोरीच्या गालाला हात लावला होता, आणि आपण किती चांगल्या आहोत असं क्षणभर मनात येऊन सुखावलीही होती.

ती शिडी चढून गेली. ड्वेनने गाणं मध्येच तोडलं आणि सांगायला सुरुवात केली. टीग कुटुंबाने लक्ष द्यावं, आज घेतलेलं औषध मुलीला देऊ नये, जिथे असाल तिथून फोन करा. खाली चाळीस गाड्यांमधून एकदम तेच शब्द आले आणि हसणंबोलणं पाण्यात विस्तव पडावा तसं विझलं. ड्वेनने दर दोन मिनिटांनी तेच म्हटलं. पाच वेळा, सहा वेळा. हुडेकची बायको बोझीमावशी स्वयंपाकघरातल्या फोनपाशी उभी होती. फोन वाजला नाही.

आर्लीन काचेपाशी उभी राहून तीन नंबरच्या जागेकडे बघत होती. तिला एकदम आठवलं, ती पोर खिडकीतून कमरेइतकी बाहेर वाकली होती, शेजारच्या गाडीतलं गाणं ऐकायला. आई तिला झग्याला धरून मागे ओढत होती आणि म्हणत होती, काय करू, आमचा रेडिओ टेक्सासातच मेला.

"ड्वेन, थांब," ती म्हणाली. "तू ज्यांना सांगतोयस त्यांना ऐकूच येत नाहीये. त्यांच्या ट्रकमध्ये रेडिओ नाही."

ड्वेनने माइकवर हात ठेवला. "मग कुणाला सांगू?"

"बाकी सगळ्यांना. रस्त्याकडे बघायला सांग."

"बघायला काय सांगू? मी पाहिलाय का तो ट्रक? हिरवे ट्रक या तालुक्यात तीनशे असतील." तो उठला, आणि आपली खुर्ची त्याने पायाने तिच्याकडे ढकलली. "तू पाहिलायस. बस."

तेवढ्यात खालून बोझीमावशीची हाक आली. फोन वाजला होता, पण हाग साहेबांचा. घरी बसून तेही ऐकत होते. त्यांचं म्हणणं, दुकानाचं नाव घेऊ नका. नुसतं औषधात दोष असण्याची शक्यता म्हणा. उद्या वकील दारात येतील, व्रानाच्याही आणि माझ्याही. बोझीमावशीने हे शिडीखाली उभं राहून मोठ्याने सांगितलं, म्हणजे सगळ्या गाड्यांना ऐकू गेलं.

व्राना शिडीपाशीच होते. मान वर न करता ते म्हणाले, "माझं नाव घे, पोरी. चार गावांत चार दुकानं आहेत. कुठली बाटली ते कळायला नको का? ओटो व्रानाने चूक केली, असंच म्हण."

आर्लीन बसली. इतकी वर्षं बोलायची हौस होती, आणि माइक आता समोर होता. पहिलं वाक्य अगदीच वेडंवाकडं गेलं.

"मी आर्लीन. हुडेककडची." मग ती थांबली, आणि ट्रे घेऊन खिडकीपाशी उभं राहिल्यासारखी बोलू लागली. "ट्रक हिरवा आहे, उडालेला हिरवा. डाव्या बाजूचा दरवाजा मात्र निळा, दुसऱ्या कुठल्या ट्रकचा बसवलेला. मागे राहायची गाडी जोडलीय, चंदेरी, तिच्या टपावर पाळण्यासारखं काहीतरी उलटं बांधलंय. बाईच्या डोक्याला पिवळा रुमाल. पोरीचे केस पांढुरके, कापलेले. त्यांच्याकडे रेडिओ नाही. तुम्ही बघायचंय. खिडकीतून बघा, गोठ्याच्या दारातून बघा. आजच्या खोकल्याच्या औषधात मिस्टर ओटो व्रानांकडून चूक झालीय, त्यांनी स्वतः सांगायला सांगितलंय. पोरीला ते देऊ देऊ नका."

तिने मान वर केली तेव्हा खाली ट्रे निघत होते. लोक अर्धं खाल्लेलं तसंच ठेवून ट्रे जमिनीवर टेकवत होते. हुडेक रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून हाताने गाड्या वाटून देत होता. तू नदीकडे, तू दफनभूमीच्या रस्त्याला, तुम्ही दोघे रेल्वे फाटकापलीकडे. दहा मिनिटांत छपराखाली एकही गाडी उरली नाही. काचेतून आर्लीनला चारी दिशांच्या मातीच्या रस्त्यांवर धुरळ्याच्या रेघा उठलेल्या दिसत होत्या.

मग फोन सुरू झाले. धान्याच्या कोठारापाशी हिरवा ट्रक आहे. तो निघाला गावातल्याच एकाचा. पूल ओलांडून पश्चिमेला जाताना पाहिला, चंदेरी गाडी मागे होती. हे ऐकून आर्लीनने माइकवर सांगितलं आणि सहा-सात गाड्या पश्चिमेला वळल्या. अर्धा तास त्यात गेला. चंदेरी गाडी सापडली ती एका म्हाताऱ्या नवराबायकोची, मासे धरायला आलेल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. आर्लीनने सांगायचं थांबवलं नाही. प्रत्येक वेळी तिला काहीतरी नवं आठवे आणि ती ते जोडी. नवऱ्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. पोरीला कुणी नाव विचारलं तर ती डोरी सांगेल. हे सगळं बोलताना तिच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरंच होतं. चमचा. हुडेकचे चमचे मोठे होते, सूप प्यायचे. त्या बाईला औषधाचा एक चमचा म्हणजे केवढा, हे कळेल का?

आठला दहा मिनिटं असताना खालून पुन्हा हाग साहेबांचा निरोप आला, ड्वेनला फोनवर बोलवा. सूर्यास्त आठला दोन मिनिटं कमी. ड्वेन खाली गेला आणि वर आला. कार्यक्रम संपल्यावर वाजवायची राष्ट्रगीताची तबकडी बाजूला काढून ठेवलेली होती. ती उचलून त्याने पुन्हा कपाटात ठेवली.

"मामा काय म्हणाला?" तिने विचारलं.

"बंद करा म्हणाला."

"मग?"

"फोनवर खरखर होती. मला नीट ऐकू आलं नाही," ड्वेन म्हणाला. "तू बोल."

सूर्य कोठारांच्या मागे गेला. अंधार पडायला लागला की दूरदूरची मोठी स्टेशनं आकाशातून उतरतात आणि लहान स्टेशनचा आवाज त्यांच्याखाली दबतो, हे दोघांनाही माहीत होतं. पंचवीस मैलांचे आता पंधरा झाले असतील, थोड्या वेळाने दहा होतील. फोन एकदम गप्प झाला होता. आठ वाजून दोन. आठ वाजून पाच. या वेळेला लहान पोरं झोपतात. आर्लीनचा घसा सुकला होता, पण पाणी प्यायला थांबलं तर तेवढ्यात कुणीतरी रेडिओ बंद करेल असं तिला वाटत होतं. त्या गप्प मिनिटांतच उत्तरेला नऊ मैलांवर अॅग्नेस प्रोहास्का नावाची एक विधवा बाई रेडिओ ऐकत मटार सोलता सोलता खिडकीशी गेली होती. शेजाऱ्याच्या कापलेल्या शेतात, पार पलीकडच्या कडेला, निळ्या दाराचा हिरवा ट्रक उभा होता. फोन करायला ती थांबली नाही. घरातल्या सपाता पायात, तशीच ती गव्हाच्या खुंटांतून धावत सुटली. अर्धा मैल. पोहोचली तेव्हा तिच्या पोटऱ्या रक्ताने भरल्या होत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आठ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. बोझीमावशी ऐंशी किलोंची बाई, जन्मात ती शिडी चढली नव्हती. ती अर्ध्या शिडीपर्यंत आली.

"सापडले," ती म्हणाली. "पण पोरीने घेतलंय. अर्धा चमचा गिळला, मग भाजतंय म्हणून थुंकली. प्रोहास्काच्या शेजाऱ्याच्या घरून फोन होता, तो त्याच्या काळ्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलला घेऊन निघालाय."

हॉस्पिटल दक्षिणेला, जिल्ह्याच्या गावी, बावीस मैल. रस्ता वेस्टन क्रीकमधूनच जाणार. आणि गावातल्या सगळ्या गाड्या त्याच रस्त्यांवर पसरलेल्या. आर्लीनने माइक जवळ ओढला. "ती सापडलीय. हॉस्पिटलकडे नेतायत. उत्तरेकडून एक काळी गाडी भरधाव येईल. जिथे असाल तिथे गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, दिवे लावून ठेवा. रस्ता मोकळा सोडा."

तिने हे चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळेला गावाच्या उत्तर टोकाला दिवे कडेला सरकताना दिसले, एकामागून एक, आणि मधून ती काळी गाडी हॉर्नवरचा हात न काढता हुडेकवरून निघून गेली. मागच्या खिडकीत पिवळा रुमाल एवढाच तिला दिसला. ड्वेनने बटण खाली केलं. छपरावर इतकी शांतता झाली की खाली फ्रीज घरघरतोय ते ऐकू आलं.

खाली स्वयंपाकघरात व्राना दुधाच्या बाटल्यांच्या उलट्या खोक्यावर बसले होते. आर्लीन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिच्याने राहवेना. चमचा मी दिला होता, असं ती म्हणाली.

व्रानांनी तिच्याकडे पाहिलं. "चमच्यात काय होतं ते मी दिलं," ते म्हणाले. "हे ओझं वाटून घ्यायचं नसतं, पोरी. वाटलं तरी माझं कमी होत नाही."

डोरी टीग वाचली. पण ते लगेच कळलं नाही. पोट धुतलं, तरी तिला धाप लागली, ताप चढला, रविवारची सकाळ गेली. चर्चमध्ये प्रार्थना झाली तेव्हा व्राना शेवटच्या बाकावर होते आणि त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. दुपारी दोनला हॉस्पिटलमधून निरोप आला की श्वास ठिकाणावर आलाय. सोमवारी पोरीने खायला मागितलं. आठवडाभर तिच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या म्हणे, एवढंच.

निघण्याआधी तिचा बाप औषधांच्या दुकानात गेला. आर्लीन तेव्हा तिथेच होती. तो काउंटरसमोर उभा राहिला, पट्टी बांधलेला हात लोंबकळत. मग म्हणाला, "मी तुम्हाला मारायला आलो होतो. पण तुम्ही स्वतःचं नाव घ्यायला लावलंत असं कळलं." तो हात न मिळवता निघून गेला.

गाव मात्र तेवढं उदार झालं नाही. रस्त्यात सगळे व्रानांना टोपी काढून नमस्कार करत, खरा माणूस म्हणत, आणि औषधं आणायला बावीस मैल जात. आर्लीनची आईसुद्धा. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. आईने सरळ विचारलं, तुझं पोर असतं तर तू तिथून आणलं असतंस का? तो प्रश्न आर्लीनला पुढे कित्येक वर्षं सलत राहिला. तिने आपल्यापुरती डोकेदुखीची गोळी तिथूनच घेतली, दुखत नसताना घेतली. नाताळाच्या आधी दुकानाला कुलूप लागलं आणि व्राना मुलीकडे आयोवाला राहायला गेले.

हाग साहेबांनी ड्वेनला दोन दिवस तोंडाला येईल ते सुनावलं. मग वॉशिंग्टनला परवान्याच्या कचेरीत स्वतः पत्र लिहिलं, की सूर्यास्तानंतर स्टेशन चालू ठेवण्याचा हुकूम माझा होता. सप्टेंबरात त्यांनी आर्लीनला बोलावलं. दुपारचा अर्धा तास तुझा, ते म्हणाले. मयतं, जन्म, हरवलेली जनावरं. आणि गाणी लावायची नाहीत. तिने दुसऱ्या महिन्यातच लावली.

ती सदतीस वर्षं तिथे बोलली. ड्वेन ओमाहाला जाऊन विमा विकू लागला. लोण्यासारख्या आवाजाचं तिथे चांगलं चीज झालं. बासष्टच्या जुलैत टीग मंडळी हुडेककडे आली होती. कुणी खाली उतरलं नाही. बाईने पोर खिडकीतून बाहेर काढून नुसती दाखवली, आणि आर्लीनने तिला रूट बिअर दिली. त्र्याहत्तर साली नवा हमरस्ता गावाला वळसा घालून गेला आणि हुडेकने पत्रे उतरवले. काचेची खोली एकाने टोमॅटोची रोपं वाढवायला नेली. स्टेशन अठ्ठ्याण्णवमध्ये एका मोठ्या कंपनीने घेतलं, तेव्हापासून तिथे दूरच्या कुठल्या शहरातलं बोलणं ऐकू येतं, आणि ते चोवीस तास बंद होत नाही.

शेवटच्या दिवशी आर्लीनने काय सांगितलं, असं तिला पुढे पुष्कळांनी विचारलं. तिला निरोपाचं भाषण करायचं नव्हतं. एका कुत्र्याची हकिगत होती, तपकिरी, एका कानाला चीर, मिल रस्त्यावरून नाहीसं झालेलं. ल्यूथरन चर्चमध्ये केकची विक्री. वारा दक्षिणेचा. एवढं वाचून तिने माइक बंद केला आणि घरी गेली, कारण परसातल्या घेवड्याच्या शेंगा तोडायला झाल्या होत्या.